ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आणि गेमिंग: पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय५-११३५जी७ प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि ते बसवण्याची सोयही नाही. खोक्यावर ‘आयरिस एक्सई ग्राफिक्स’ असे छापलेले होते, पण टास्क मॅनेजरमध्ये ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ असे दिसते. व्हॅलोरंट कसाबसा चालतो, जीटीए ५ दहा मिनिटांनी अडखळू लागतो, आणि रेड डेड रिडेम्प्शन २ विकत घ्यावा की नाही हे ठरत नाही. खोक्यावर एक आणि आत दुसरे निघाले म्हणजे फसवणूक झाली का, आणि हा लॅपटॉप विकून टाकावा का, असे तुम्ही विचारले आहे.

अकोल्यात गेली चौदा वर्षे मी लॅपटॉप-दुरुस्तीचे काम करतो, आणि अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की नेमक्या याच तक्रारीचे लॅपटॉप दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. तुमची फसवणूक झालेली नाही, आणि लॅपटॉप विकण्याची घाई करण्याचेही कारण नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये रॅमची एकच स्टिक असणार, आणि तुमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या रिकाम्या दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि पंख्यामागे साचलेल्या धुळीत सापडेल.

नावाचा घोळ आधी सोडवू. तुमच्या चिपमध्ये ग्राफिक्सची ८० एक्झिक्युशन युनिट्स (चित्राचे गणित करणारे छोटे भाग) आहेत आणि ती कोणत्याही परिस्थितीत तेवढीच राहतात. मात्र रॅम दोन चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवर), म्हणजे एकूण १२८ बिटांच्या रुंदीने जोडलेली असेल, तरच इंटेलचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारे सॉफ्टवेअर) त्या ग्राफिक्सला ‘आयरिस एक्सई’ म्हणतो. रॅम एकाच चॅनेलवर असेल तर तोच ड्रायव्हर त्याच चिपला ‘यूएचडी’ म्हणून दाखवतो. स्वस्तात लॅपटॉप विकता यावा म्हणून अनेक मॉडेल्समध्ये ८ जीबीची एकच स्टिक टाकून दुसरा स्लॉट मोकळा ठेवतात. त्यामुळे टास्क मॅनेजरमधले ‘यूएचडी’ हे नाव म्हणजे अर्धा रस्ता बंद असल्याची पाटी आहे, असे समजा.

हा रस्ता इतका महत्त्वाचा का, हे नीट समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. जीटीएक्स १६५० या जुन्या, साध्या कार्डाची जीडीडीआर५ मेमरी सेकंदाला १२८ जीबी माहिती पुरवते, आणि ती सगळी एकट्या त्या कार्डासाठी असते. तुमच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ती प्रोसेसरच्याच रॅममधून भागवून घ्यावी लागते. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन स्टिक मिळून ५१.२ जीबी देतात, आणि त्यातूनच विंडोज, ब्राउझर, गेमचे गणित आणि पडद्यावरचे चित्र यांची तहान भागवायची असते. एकाच विहिरीवर दोन मोटा चालत असतील तर विहिरीचे झरे मोकळे करणे हाच पहिला उपाय असतो. म्हणूनच ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये दुसरी स्टिक टाकल्यावर जो फरक पडतो, तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही. ज्या गेममध्ये ग्राफिक्स अडलेले असते तिथे एकट्या या बदलाने फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मधेच क्षणभर चित्र गोठण्याचा प्रकार पुष्कळ कमी होतो.

खरेदीला जाण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ पाहा. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’समोर ‘२ पैकी १’ असे दिसले तर काम सोपे आहे. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसले तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची बसवलेली आहे. मात्र एवढ्यावरून निराश होऊ नका, कारण काही लॅपटॉपमध्ये ४ किंवा ८ जीबी सोल्डर केलेली असते आणि शिवाय एक स्लॉटही दिलेला असतो. हे आकडे प्रत्येक लॅपटॉपवर खरे उतरतातच असे नाही, म्हणून खात्रीचा मार्ग एकच: खालचे झाकण उघडून पाहणे, किंवा निदान त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल वाचणे. संपूर्ण रॅम सोल्डर केलेली आणि एलपीडीडीआर४एक्स प्रकारची असेल तर ती वाढवता येत नाही, पण ती बहुधा पूर्ण १२८ बिटांच्या रुंदीने जोडलेली असते आणि ४२६६ च्या वेगाला सेकंदाला सुमारे ६८ जीबी देते. अशा लॅपटॉपमध्ये ‘आयरिस एक्सई’ हेच नाव दिसेल, आणि त्याच्या मालकाने रॅमचा विचार सोडून थेट उष्णतेकडे वळावे.

तुमच्याकडे ८ जीबीची स्टिक आहे असे धरले तर दुसरी ८ जीबीचीच, डीडीआर४-३२०० ची, २६० पिनांची लॅपटॉपची स्टिक घ्या. क्षमता सारखी असली की पूर्ण १६ जीबी दोन चॅनेलवर चालते. सोल्डर केलेली ४ आणि स्टिक ८ अशी जोडी असेल तर पहिली ८ जीबी दोन चॅनेलवर आणि उरलेली ४ जीबी एका चॅनेलवर चालते. तेही एका स्टिकपेक्षा चांगलेच. कंपनी तीच हवी असा आग्रह नको, पण वेग सारखा ठेवा, कारण दोन्ही स्टिक कमी वेगाच्या स्टिकच्या चालीने चालतात. डीडीआर५ ची स्टिक तुमच्या स्लॉटमध्ये बसत नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. दुकानदाराने ‘थोडे दाबा, बसेल’ असे म्हटले तरी दाबू नका. मी स्वतः शिकाऊ असताना अशाच एका दाबण्यात एका गिऱ्हाईकाच्या बोर्डाचा स्लॉट वाकवला होता, आणि त्याची भरपाई दोन महिने पगारातून कापून दिली होती.

बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, झाकणाचे स्क्रू ज्या जागचे त्या जागी कागदावर मांडून ठेवा, कारण बिजागरीजवळचे स्क्रू बहुधा लांब असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी फिरवला तर तो वरच्या बाजूने, तळहात टेकतो तिथे बाहेर येतो. झाकणाच्या कडेने जुने प्लास्टिकचे कार्ड सरकवत क्लिपा सोडवा. स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्टिक तिरकी धरून खाचेत पूर्ण सरकवायची, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या की हलकेच खाली दाबायची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ करून बसतात. पहिल्यांदा सुरू करताना पडदा अर्धा-एक मिनिट काळा राहू शकतो. त्या वेळी यंत्र नव्या रॅमची चाचपणी करत असते, तेव्हा घाबरून बटण दाबून धरू नका. विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये ‘आयरिस एक्सई’ हे नाव आले की समजावे, काम झाले. नाव बदलले नाही तर दहापैकी नऊ वेळा स्टिक पुरती बसलेली नसते.

याच ठिकाणी एका खोट्या उपायाबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण त्यापायी मुलांचे दिवस वाया जाताना मला दिसतात. विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये (अंतर्गत सेटिंगच्या यादीत) ‘डेडिकेटेड सेगमेंट साइज’ अशी नोंद करून ‘व्हीरॅम’ (ग्राफिक्सची मेमरी) वाढवा, असे अनेक व्हिडिओ सांगतात. त्या नोंदीने फक्त गेमला दाखवला जाणारा आकडा बदलतो. मेमरी एक बाइटनेही वाढत नाही. मेमरी अपुरी म्हणून सुरूच न होणारा एखादा जुना गेम त्यामुळे सुरू होईल, एवढाच त्याचा उपयोग. इंटेलचे ग्राफिक्स गरजेप्रमाणे रॅममधून मेमरी घेतच असते, आणि विंडोज साधारणतः निम्म्या रॅमपर्यंत ती घेऊ देते. म्हणजे ८ जीबीत ती मर्यादा ४ जीबीच्या आसपास असते आणि १६ जीबीत ८ जीबीच्या आसपास जाते. ‘गेम बूस्टर’ नावाच्या ॲप्सचेही तेच; ती जी कामे करतात ती ब्राउझर बंद करून तुम्ही स्वतः करू शकता.

आता दुसऱ्या तक्रारीकडे येतो. जीटीए ५ दहा मिनिटे ठीक चालून मग अडखळतो, हे वर्णन रॅमपेक्षा उष्णतेचे आहे. रॅम अपुरी असती तर गेम पहिल्या मिनिटापासून कुरकुरला असता. तुमच्या प्रोसेसरला कंपनीच्या मांडणीप्रमाणे १२ ते २८ वॉटपर्यंत वीज मिळू शकते, आणि ती वीज प्रोसेसर व ग्राफिक्स यांच्यात वाटली जाते. सुरुवातीची काही मिनिटे तो मोकळेपणाने वीज खातो. तापमान १०० अंश या मर्यादेजवळ गेले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ग्राफिक्सचा कमाल वेग १.३० गिगाहर्ट्झ आहे. तापलेल्या लॅपटॉपमध्ये तो बराच खाली घसरलेला दिसतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन लावून ठेवा, वीस मिनिटे खेळा, आणि मग तापमान, पॅकेज पॉवर (चिप खात असलेली एकूण वीज) आणि ग्राफिक्स क्लॉक (ग्राफिक्सचा वेग) या तीन ओळी तपासा.

गेल्या एप्रिलमध्ये असाच एक लॅपटॉप माझ्याकडे आला. त्या मुलाचे घर कापसाच्या जिनिंगच्या आवाराला लागून होते. खालचे झाकण काढले तेव्हा पंखा वरून स्वच्छ दिसत होता, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. पंखा सोडवून बाजूला केल्यावर तो आणि तांब्याच्या पातळ पात्या यांच्या मधोमध, हवा जिथून बाहेर पडायची तिथे, कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा घोंगडीसारखा घट्ट थर बसलेला होता. चिमट्याने धरून ओढला तर तो अखंड पट्टीसारखा निघाला. त्यामागे प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळून खडूसारखा झाला होता. थर काढला, जुना पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, वाटाण्याएवढा नवा लावला. दुसऱ्या दिवशी तोच गेम तासभर त्याच वेगाने चालला, आणि त्याला नवीन भाग म्हणून मी काहीही विकले नव्हते.

तुमच्या लॅपटॉपला तीन वर्षे झाली आहेत, म्हणजे तुमच्याकडेही हे काम करण्याची वेळ आली आहे. ब्लोअरने हवा मारायची असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. खेळताना लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नका, हवा खालूनच आत येते. मागच्या बाजूला पाण्याच्या बाटलीची दोन झाकणे लावून तो बोटभर उचलला तरी तापमान काही अंशांनी उतरते. आधी हे करून पाहा आणि मग कूलिंग पॅडचा विचार करा. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, खोलीतली हवाच ३८ अंशांची असेल तर कोणताही पंखा लॅपटॉपला त्याखाली नेऊ शकत नाही, म्हणून उन्हाळ्यात जड गेम पहाटे किंवा रात्री खेळावेत. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि गंज चढलेले बोर्ड मी दर पावसाळ्याआधी पाहतो.

वीज वाटली जाते याचा एक उपयोगही करून घेता येतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, प्रोसेसर कमी वीज खातो आणि वाचलेली वीज ग्राफिक्सला मिळते. जीटीए ५ सारख्या, ग्राफिक्सवर अडणाऱ्या गेममध्ये याने उष्णता कमी होऊन चाल एकसारखी होते. व्हॅलोरंट मात्र प्रोसेसरवर अधिक अवलंबून असतो, तिथे याच बदलाने फ्रेम्स घटतात. दोन वेगळे पॉवर प्लॅन बनवून ठेवा आणि गेमप्रमाणे बदला. चार्जर नेहमी जोडलेला असू द्या, कारण बॅटरीवर ही वीज आणखी आखडती मिळते.

सेटिंगमध्ये सर्वांत मोठा लगाम रिझोल्यूशनचा आहे. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. १२८० बाय ७२० म्हणजे ९,२१,६००, त्याच्या जवळजवळ ४४ टक्के. १६०० बाय ९०० हा मधला पर्याय १५.६ इंची पडद्यावर डोळ्यांना फारसा टोचत नाही, आणि मी बहुतेकांना तिथूनच सुरुवात करायला सांगतो. जीटीए ५ मध्ये चित्राच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या दोन सेटिंगपैकी जड असलेले एमएसएए पूर्ण बंद ठेवून हलके एफएक्सएए चालू ठेवा, गवताचा दर्जा आणि सावल्या ‘नॉर्मल’वर आणा, आणि पुढच्या पानावरची वाढीव अंतराची सर्व सेटिंग्ज शून्यावर ठेवा. गावाबाहेर डोंगराकडे गेल्यावर गेम मंदावत असेल तर दोष जवळजवळ नेहमी गवताचाच असतो. त्याच गेममध्ये ‘फ्रेम स्केलिंग मोड’ आहे. तो तीन-चतुर्थांशवर ठेवला तर आतले चित्र कमी रिझोल्यूशनवर बनते, पण नकाशा आणि अक्षरे स्वच्छ राहतात. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे) ‘नॉर्मल’च्या वर नेऊ नका, ते थेट रॅमच्या त्या विहिरीतले पाणी उपसतात.

व्हॅलोरंटबद्दल काळजी करू नका. त्याच्या किमान गरजेत इंटेल एचडी ४००० हे २०१२ चे ग्राफिक्स नोंदवलेले आहे, तुमचे त्याच्या कितीतरी पुढे आहे. मटेरियल, टेक्स्चर, डिटेल हे तिन्ही ‘लो’, व्ही-सिंक बंद, मल्टिथ्रेडेड रेंडरिंग चालू. विंडोज ११ वर या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. तुमच्या प्रोसेसरमध्ये टीपीएमची सोय अंगभूत आहे, बंद असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चालू करावी लागेल.

फ्रेम्सचा आकडा मोठा दिसावा या नादात बरेच जण मर्यादा घालत नाहीत, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी चूक आहे. ३८ आणि ५५ यांच्यामध्ये सतत हेलकावणारा गेम डोळ्यांना ३० वर स्थिर चालणाऱ्या गेमपेक्षा जास्त त्रास देतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ३० फ्रेम्स म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर दोन वेळा, ३३.३ मिलिसेकंद दिसते; ४५ वर काही फ्रेम्स एकदा आणि काही दोनदा दिसतात, म्हणून चाल लंगडी वाटते. कथाप्रधान गेम ६० टिकवू शकत नसेल तर सरळ ३० ची मर्यादा घाला. त्याने वीज वाचते, उष्णता उतरते, आणि दहा मिनिटांनी अडखळणेही पुष्कळदा तिथेच थांबते. नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम याला अपवाद आहेत.

बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याबद्दल विचाराल, तर ते थंडरबोल्ट (अतिवेगवान जोडणीचे पोर्ट) असलेल्या लॅपटॉपलाच सुलभ असते. पेटी, कार्ड आणि पॉवर सप्लाय मिळून होणाऱ्या खर्चात पुढच्या लॅपटॉपची निम्मी-अधिक सोय होते, म्हणून मी तो सल्ला देत नाही. ड्रायव्हर इंटेलच्या संकेतस्थळावरून घ्या, पण दर आठवड्याला शोधत बसू नका: २०२५ मध्ये इंटेलने ११व्या ते १४व्या पिढीच्या या ग्राफिक्सला मर्यादित देखभालीत टाकले, त्यामुळे सुरक्षा आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येत राहतील, नव्या गेमसाठी खास बदल येणार नाहीत. आजच्या नव्या मोठ्या गेम्सचा हट्ट या लॅपटॉपवर धरू नका. त्याऐवजी हेडीस, हॉलो नाइट, पोर्टल २, स्टारड्यू व्हॅली यांसारखे गेम इथे उत्तम चालतात, आणि त्यांच्यात कित्येक महिने सहज जातात.

राहिला रेड डेड रिडेम्प्शन २. त्याच्या किमान गरजेत जीटीएक्स ७७०, ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा सांगितली आहे. रॅम दुप्पट करून, धूळ काढून, ७२० वर, सगळे खाली ठेवून तो तुमच्याकडे ३० च्या आगेमागे चालेल असा माझा अंदाज आहे; सध्याच्या स्थितीत तो घेऊ नका. दोन्ही कामे झाल्यावर घ्यायचा असेल तर स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्या, कारण खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर तिथे पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत लाँचर (गेमआधी उघडणारा प्रोग्राम) उघडा राहिलेला वेळही धरला जातो, म्हणून गेम पूर्ण उतरवून, ड्रायव्हर ठीक करून मगच सुरू करा. सुरुवातीचा बर्फातला भाग तुलनेने हलका आहे, त्यावरून निर्णय घेऊ नका. सेटिंगमध्येच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) दिलेला आहे. तो लागोपाठ तीन वेळा चालवा आणि तिसऱ्या वेळचे, लॅपटॉप तापल्यावरचे, किमान फ्रेम्स पाहा. ते २५ च्या खाली गेले तर त्याच संध्याकाळी पैसे परत मागा.